पोथीतला रंग : रंगीत शाईच्या निसर्गचित्रांविषयी

तेरखेड्याहून येडशीकडे जाताना रस्त्याच्या कडेला एक पळस होता. रस्ता चौपदरी झाला तेव्हा तो गेला. त्याचे मी काढलेले एक चित्र घरात ओसरीच्या भिंतीवर अकरा वर्षे टांगलेले होते. काळ्या वॉटरप्रूफ शाईने खोड आणि फांद्या, त्यांवर लाल शाईने फुले, मागे बालाघाटच्या रांगेची एक निळसर रेघ, एवढेच. गेल्या वर्षी घराला रंग देताना चौकट उतरवली आणि अंगणात नेऊन पाहिली, तर चित्रात फुले नव्हती. फांद्यांच्या टोकांना मळकट गुलाबी डाग तेवढे होते. रोज डोळ्यांसमोर असल्यामुळे हे घडताना कोणाच्याच लक्षात आले नव्हते. काच काढली, कडेची पुठ्ठ्याची पट्टी बाजूला केली, तेव्हा पट्टीखाली झाकले गेलेले एक अर्धे फूल सापडले. ते मात्र काल काढल्यासारखे लालभडक होते.

या अर्ध्या फुलाने मला एका जुन्या प्रश्नाकडे परत नेले. रंगीत शाईत काढलेल्या निसर्गचित्राला आपण कोणत्या कसोटीवर बरे-वाईट ठरवतो? मराठीतल्या चित्रकलाविषयक लेखनात जलरंगावर पुष्कळ आहे, तैलरंगावर त्याहून अधिक आहे. रंगीत शाई मात्र जाहिरात, पोस्टर, मुखपृष्ठ अशा ‘उपयोजित’ खोलीत ढकलून दिलेली असते. तिच्यावरचा आक्षेप थोडक्यात असा, की ती कच्ची आहे. आक्षेप खरा आहे. पण त्यातून काढलेला निष्कर्ष मला मान्य नाही.

आधी द्रव्याचे बोलू. जलरंगात रंगाचे बारीक कण असतात. पाणी उडून गेले की ते डिंकाच्या आधाराने कागदाच्या अंगावर बसून राहतात, आणि ओल्या कुंचल्याने त्यांतले काही परत उचलताही येतात. बाटलीतली बहुतेक रंगीत शाई कणांची नसते. तिच्यात रंग पाण्यात साखरेसारखा विरघळलेला असतो. तो कागदाच्या तंतूत शिरतो, म्हणून ती इतकी पारदर्शक आणि झगझगीत दिसते. आणि त्याच कारणाने ती उजेडाला उघडी पडते. कणात पृष्ठभागावरचा थर झिजला तरी आतला शिल्लक राहतो. विरघळलेल्या रंगाचा कण न् कण उन्हात सापडतो. लाल शाईत पुष्कळदा वापरले जाणारे इओसिन हे या बाबतीत सर्वांत दुबळे. माझ्या पळसाचे नेमके तेच झाले.

आमचे गाव फटाक्यांचे. इथे रंगाकडे पाहण्याची एक वेगळी रीत लहानपणापासून अंगवळणी पडते. स्ट्रॉन्शियमच्या क्षाराने लाल, बेरियमच्या क्षाराने हिरवा, तांब्याच्या क्षाराने निळा. निळा साधणे सगळ्यांत अवघड, कारण आच जरा वाढली की तो फिका पडतो. तो रंग दोन क्षणांत विझला म्हणून कारागिराला कोणी दोष देत नाही. किती वेळ दिसायचा ते ठरवूनच तो केलेला असतो. चित्राच्या बाबतीत मात्र आपण गृहीत धरतो की ते भिंतीवर, दिवसाच्या उजेडात, पिढ्यान्‌पिढ्या राहायचे आहे. हे गृहीतक फार जुने नाही. मुंबईत १८५७ मध्ये जे. जे. स्कूल निघाले, १८८८ मध्ये बॉम्बे आर्ट सोसायटी स्थापन झाली, प्रदर्शने भरू लागली, आणि चौकटीत बसवून टांगलेले चित्र हेच ‘चित्र’ ठरले. रंगीत शाईचा कमीपणा या मोजपट्टीने आलेला आहे.

आपल्या परंपरेला रंगाचा कच्चेपणा ठाऊक नव्हता असे नाही. चौदाव्या शतकातल्या विश्वनाथाने ‘साहित्यदर्पणा’त पूर्वरागाचे तीन प्रकार केले आहेत : नीलीराग, कुसुंभराग आणि मंजिष्ठाराग. निळीसारखे प्रेम फारसे झळकत नाही, पण जातही नाही. कुसुंभासारखे झळकते आणि उतरते. मंजिष्ठेसारखे झळकते आणि टिकते. साहित्याच्या विद्यार्थ्यांनी हे परीक्षेपुरते पाठ केलेले असते. मी ते पुन्हा वाचले ते रंगाऱ्याच्या नजरेने, आणि थक्क झालो. रंग उन्हा-पाण्यात किती तग धरतो याची ही सरळ प्रतवारी आहे, आणि काव्यशास्त्राने ती जशीच्या तशी उचलली आहे. त्यातला कुसुंभ म्हणजे आपली करडई. मराठवाड्यात रब्बीला ज्वारीच्या कडेने करडईच्या काटेरी ओळी लावल्या जात. आता त्या कमी दिसतात. तिच्या पाकळ्या पाण्यात घातल्या की पिवळा रंग सुटतो. तो फेकून द्यायचा, मग पापडखाराच्या पाण्यात पाकळ्या कुस्करायच्या आणि त्यात लिंबू पिळायचे, की दडून बसलेला तांबडा वर येतो. तो मी कागदावर लावला आहे. इतका कोवळा तांबडा कुठल्याच बाटलीत मिळत नाही. खिडकीत ठेवलेली पट्टी एका उन्हाळ्यात कोरी झाली.

ही पट्ट्यांची गोष्ट थोडी सविस्तर सांगतो. फुलांचे कोडे सुटावे म्हणून मी बारा शायांच्या पट्ट्या ओढल्या, प्रत्येकीचा अर्धा भाग काळ्या कागदाने झाकला आणि एप्रिल-मे असे दोन महिने दक्षिणेच्या खिडकीत ठेवल्या. बाजारातली लाल गेली. पेनातली रॉयल ब्लू निम्मी उतरली. हळद तर पहिल्या आठवड्यातच गेली. पळसाच्या फुलांचा काढा, जो चुन्याच्या निवळीने छान नारिंगी होतो, तो मातकट झाला. निळीने दाद दिली नाही. काजळाच्या शाईला तर काहीच झाले नाही. बाभळीच्या शेंगा आणि हिराकस यांची शाई काळ्याची तपकिरी झाली. ही शाई पुढे कागदही खाते, जुन्या कागदपत्रांत अक्षरांच्या जागी भोके पडलेली दिसतात ती तिच्यासारख्याच शायांनी. लाखेचा अळता उतरला, पण त्याने थोडी अब्रू राखली.

लाखेशी जरा थांबायला हवे. पोथ्या लिहिणारे तांबड्या शाईसाठी लाख, लोध्राची साल आणि टाकणखार एकत्र उकळत. टाकणखार कशासाठी, तर लाखेतली राळ नुसत्या पाण्यात विरघळत नाही, खाराच्या पाण्यात विरघळते. आता विलायती विन्सर अँड न्यूटनच्या रंगीत ड्रॉइंग इंकची बाटली घ्या. तिच्यातही रंग शेलॅकच्या द्रावणात मिसळलेला असतो, म्हणून ती वाळल्यावर पाण्याने पुसत नाही. शेलॅक म्हणजे हीच लाख. पळस, बोर, कुसुम या झाडांवरच्या किड्याची राळ. बाहेरून आलेली म्हणून जिच्याकडे पाहिले गेले, ती शाई कृतीच्या दृष्टीने आपल्या पोथीच्या शाईची सख्खी बहीण आहे. १९३१ मध्ये मुंबईत दांडेकर बंधूंनी शाईच्या पुडीपासून जो उद्योग सुरू केला आणि ज्याचा पुढे कॅम्लिन झाला, त्यामागेही घरोघर शाई कालवण्याची सवय होतीच.

आता निसर्गचित्राकडे. शाईने निसर्ग काढताना पहिला मार बसतो तो हिरव्यावर. बाटलीतला हिरवा जसाच्या तसा लावला की झाड प्लास्टिकचे दिसते. विद्यार्थ्यांच्या वह्यांत आणि दुर्दैवाने कितीतरी मुखपृष्ठांवर असली झाडे आहेत. ज्वारीच्या पानाचा हिरवा आधी पिवळ्याचा असतो, मग त्यावर पातळ निळा, मग लाल-तपकिरीचा एक हात, ज्याने त्याचा माज उतरतो. शेलॅकची शाई असेल तर खालचा थर जागचा हलत नाही आणि तीन काचा एकावर एक ठेवल्यासारखा रंग होतो. साध्या शाईत खालचा थर वर येतो आणि राडा होतो. दोन्हीत एक गोष्ट सारखी : चुकले तर परत नाही. जलरंगात ढग उचलून काढता येतो, शाईत कागदाचा पांढरा आधीच राखून ठेवावा लागतो. म्हणून शाईचे चांगले निसर्गचित्र पाहताना चित्रकाराने काय सोडले आहे ते आधी पाहावे.

एक पळवाट आहे. पाण्यात टाकायची ब्लीचिंग पावडर पाण्यात कालवून तिची निवळी बोरूने रॉयल ब्लूवर ओढली की रेघ पांढरट पिवळी उमटते. उतारावरचे वाळके कुसळी गवत यात असे साधते की कुंचल्याने साधणार नाही. मी या नादात बरीच चित्रे केली. पण ती निवळी कागद ठिसूळ करते, आणि आता त्या रेघांवर बोट फिरवायची भीती वाटते. युक्ती डोळ्यांत भरते तेव्हा चित्र तिच्यामागे उभे राहते, हा दोषही त्या चित्रांत आहेच.

शाईने केलेले निसर्गाचे काम किती वर जाऊ शकते, हे पाहायचे तर १८८८ च्या उन्हाळ्यात व्हॅन गॉगने आर्लजवळच्या मोंमाजूरच्या टेकडीवरून काढलेली रेखाटने पाहावीत. त्याचे हत्यारही बोरूच होते. शेते, खडक, झुडपे. ठिपका, आडवी रेघ, तुटक रेघ यांनीच जवळ आणि दूर वेगळे केलेले. आज ती तपकिरी दिसतात आणि त्या तपकिरीचे कौतुकही पुष्कळ झाले आहे. पण त्या काळातल्या त्याच्या काही रेखाटनांची शाई मुळात जांभळी होती. १८५६ मध्ये पर्किनने पहिला कृत्रिम जांभळा रंग शोधला, त्यानंतर आलेल्या अ‍ॅनिलीन रंगांपैकी ही एक. म्हणजे समीक्षकांनी ज्या मातकट शांततेवर लिहिले, ती काही अंशी उन्हाने आणि काळाने केलेली आहे. रेघेचा जोर त्यामुळे खोटा ठरत नाही. पण रंगाविषयी बोलताना आपण कोणाच्या निर्णयाविषयी बोलतो आहोत, चित्रकाराच्या की उजेडाच्या, हे विचारावेच लागते. आपल्याकडे हा प्रश्न विचारलाच जात नाही. प्रदर्शनाच्या यादीत ‘कागदावर शाई’ एवढे दोन शब्द असतात. कोणती शाई?

याच्या उलट उदाहरण घरचे आहे. पिंगुळीच्या चित्रकथींची चित्रे पाहा. एका आख्यानाच्या चित्रांचा जुडगा, त्याला ते लोक पोथीच म्हणतात. एरवी तो बांधून ठेवलेला. रात्री देवळात कथा लागली की एकेक चित्र समोर धरायचे, प्रसंग गाऊन झाला की ते खाली ठेवायचे. या चित्रांतली झाडे शिस्तीत उभी, पाने मोजून काढलेली. निसर्गाचे निरीक्षण म्हणून त्यांचे फार मोठे काही सांगता येणार नाही. पण त्यांचे लाल-काळे आजही ठसठशीत आहेत, कारण त्यांनी ऊन फार थोडे पाहिले. पुण्याच्या गंगाराम तांबटाने १७९० मध्ये पेशव्यांच्या शिकारखान्यातला गेंडा काढला. चार्ल्स मॅलेटसाठी केलेले हे काम आज अमेरिकेत येल विद्यापीठाच्या संग्रहात आहे. गेंड्याच्या कातडीच्या घड्या त्याने डोळ्यांसमोर पाहून केल्या आहेत, ऐकून नव्हेत. ते जलरंगाचे काम, पण असे कागद संग्रहांत मिटलेले राहतात आणि बेताच्या उजेडात थोडा वेळच उघडले जातात, हे विसरून चालणार नाही.

मला म्हणायचे आहे ते इतकेच की रंगीत शाईचे निसर्गचित्र हे पोथीतले चित्र आहे. ते हातात धरून, जवळून, काही वेळ पाहायचे आणि मिटायचे. भिंतीच्या चित्राला लागणारा दुरून दिसणारा घाट तिच्याकडे मागू नये. पान, देठ, पाकळीची शीर, पाण्यावरचा किडा, अशा वीतभर गोष्टींत ती तैलरंगाला मागे टाकते. आपली वाचक म्हणून झालेली सवयही हेच सांगते. दीनानाथ दलालांनी १९४५ मध्ये ‘दीपावली’ सुरू केले. त्याची किंवा इतर कोणत्याही दिवाळी अंकाची रंगीत चित्रे आपण पाहिली ती छपाईच्या शायांतच. मूळ चित्र कशातही केलेले असो, आपल्या हाती आला तो निळा, किरमिजी, पिवळा आणि काळा यांच्या पारदर्शक ठिपक्यांचा मोर. माळ्यावरच्या ट्रंकेतला अंक उघडला तर तो मोर अजून हिरवानिळा असतो. दुकानाच्या काचेत लटकलेल्या अंकाचा मोर दोन महिन्यांत निळा भुरका पडतो.

यावर एक सरळ उत्तर दिले जाते : आता कणांच्या टिकाऊ शाया मिळतात, त्या वापरा. मी वापरल्या आहेत, वापरतोही. तरवडाची पिवळी फुले त्यांत चांगली येतात. पण त्या कागदात उतरत नाहीत, वर बसतात, आणि दोन-तीन थरांत पाकळीतून उजेड आल्यासारखा जो भास विरघळलेल्या शाईत होतो तो जड होऊन जातो. ज्याचे झाड उद्या जाणार आहे आणि जे चित्र त्याची नोंद म्हणून राहायचे आहे, त्याने जडपणा पत्करावा. पळसाच्या वेळी मी तसे करायला हवे होते. तेव्हा रस्ता रुंद होणार आहे हे कोणाला माहीत होते?

पळसाचे चित्र आता चौकटीत नाही. मागच्या बाजूला कोणत्या शाया, कोणता कागद, कोणत्या महिन्यात काढले, भिंतीवर किती वर्षे होते, हे पेन्सिलने लिहिले आणि बाकीच्या चित्रांबरोबर ते सुती बासनात बांधले. फुले पुन्हा भरून टाका, असे घरच्यांनी सुचवले. कुंचला भिजवलाही होता. पण समोर पाहायला पळस नव्हता, आणि कडेचे ते अर्धे फूल इतके लाल होते की त्याच्या शेजारी मी आठवणीतून काढलेला कोणताही लाल खोटा दिसला असता. तो भाग तसाच ठेवला आहे.