खिडकीवरचा भुंगेरा

माउलींनो, स्वित्झर्लंडचे मनोवैद्य कार्ल युंग यांनी १९५२ साली योगायोगावर एक निबंध प्रसिद्ध केला. त्यातला प्रसंग ऐका. एक सुशिक्षित बाई त्यांच्याकडे उपचारास येई. तर्कापलीकडचे काही मानीत नसे. तिला स्वप्नात सोन्याचा भुंगा मिळाला होता. ते स्वप्न ती सांगत असतानाच खिडकीच्या काचेवर टकटक झाली. युंगांनी खिडकी उघडली, आत येणारा सोनेरी-हिरवा भुंगेरा पकडला आणि तिच्या हाती दिला. बाईचा हट्ट तिथे ढिला पडला.

युंग म्हणतात, स्वप्नाने भुंगेरा आणला नाही. दोहोंत कार्यकारण नाही, पण अर्थाचे नाते आहे, आणि त्याचे मूळ नेणिवेत आहे.

इथे माझी शंका आहे. नेणिवेत अहंकारही दडून बसतो. त्याने लावलेला अर्थ ओळखावा कसा?

तरुणपणी माझ्या कीर्तनात मेघाचा दृष्टान्त चालू असता पाऊस कोसळला. लोकांनी पाय धरले. मला वाटले, हे माझ्या वाणीचे फळ! आषाढात पाऊस येतोच, हे सुचलेही नाही. पुढे कित्येक वर्षे तो प्रसंग मी तिखटमीठ लावून सांगितला.

तिचा ताठा उतरला, माझा चढला. युंगांच्या निबंधात मला ही कसोटी हवी होती. वारीत तुम्हांला असा योग आला, तर एवढेच पाहा: मीपण घटले की वाढले? घटले असेल, तर हात जोडा आणि पुढे चाला.