कविता संपल्यानंतरचं मिनिट

कविसंमेलन कसं झालं, असं कुणी विचारलं की आपण नावं सांगतो. कोण आलं होतं, कुणी कोणती कविता म्हटली, वन्स मोअर कुणाला मिळाला. एक प्रश्न मात्र आपण विचारत नाही: कविता संपल्यानंतरच्या मिनिटात काय झालं? कवितेच्या महोत्सवाची पारख मला या मिनिटावरून करावीशी वाटते. त्यासाठी एक अमेरिकन महोत्सव घेते. न्यू जर्सीतल्या वाचकांच्या तो अगदी अंगणातला, पण आपल्यापैकी फार थोडे तिथे फिरकलेले असतात.

डॉज पोएट्री फेस्टिव्हल १९८६ साली सुरू झाला, जेराल्डीन आर. डॉज फाउंडेशनच्या पैशातून, दर दोन वर्षांनी भरणारा. सुरुवातीची बहुतेक वर्षं तो वॉटरलू व्हिलेज या कालव्याकाठच्या जुन्या गावात भरला: मोठा तंबू, चर्च, झाडी, पाऊस आला की चिखल. १९९४ च्या महोत्सवात बिल मॉयर्स यांनी केलेल्या चित्रीकरणातून ‘द लँग्वेज ऑफ लाइफ’ ही दूरचित्रवाणी मालिका झाली आणि देशभरच्या घरांत कवी बोलताना दिसले. २०१० मध्ये महोत्सव न्यूअर्क शहरात आला, तिथल्या परफॉर्मिंग आर्ट्स सेंटरमध्ये आणि आसपासच्या जागांत. हायस्कूलच्या मुलांसाठी एक दिवस राखलेला असायचा आणि हजारो मुलं बसमधून यायची.

न्यूअर्कमध्ये छापील पुस्तकांचे कवी आणि स्पोकन वर्डचे कवी एकाच मंचावर येतात. आपल्याकडे ‘गंभीर कवी’ आणि ‘मंचीय कवी’ अशी जी वाटणी असते, ती इथे पुसट होते. पण मला जास्त महत्त्वाची वाटते ती दुसरी गोष्ट. वाचनांच्या जोडीला इथे कवींनी कवितेविषयी बोलण्याची सत्रं असतात. श्रोते प्रश्न विचारतात: ही ओळ इथेच का तोडली? हे तुमच्या आईविषयी आहे का? प्रश्न कधी बाळबोध असतात, कधी नेमके. पण कविता ऐकणाऱ्याला मागे वळायला जागा मिळते.

ही जागा किती महत्त्वाची आहे हे स्लॅमशी तुलना केली की कळतं. स्लॅमची सुरुवात शिकागोत बांधकाम मजूर असलेल्या मार्क स्मिथने केली. १९८६ पासून ग्रीन मिल या बारमध्ये ती दर आठवड्याला होऊ लागली. नियम साधे. श्रोत्यांतून निवडलेले पाच परीक्षक, शून्य ते दहा गुण, सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी गुण वगळायचे, कवितेला तीन मिनिटं. वेशभूषा नको, वाद्य नको. विद्यापीठांतल्या निजानीज वाचनांना कंटाळलेल्या लोकांनी कविता पुन्हा गर्दीच्या हवाली केली, आणि ज्यांना कुणी बोलावत नव्हतं त्यांना माइक मिळाला. हे श्रेय स्लॅमला द्यायलाच हवं.

पण स्लॅममध्ये कवितेनंतरच्या मिनिटात गुणांच्या पाट्या वर होतात. गुण मिळणार म्हटलं की कविता त्या दिशेला वाकते. पहिल्या वीस सेकंदांत लक्ष वेधायचं, दुसऱ्या मिनिटात आवाज चढवायचा, शेवटी क्षणभर थांबून हळू आवाजात टाळीची ओळ टाकायची. स्वतःच्या जखमेला भाव जास्त, कारण जखमेला कमी गुण द्यायला परीक्षकाचा हात धजत नाही. मग दहा कवींच्या दहा वेगळ्या दुःखांचा चढ-उतार एकसारखा ऐकू येतो.

स्लॅममधूनच घडलेल्या पॅट्रिशिया स्मिथ या सापळ्यातून कशा सुटल्या ते पाहण्यासारखं आहे. राष्ट्रीय स्लॅमची वैयक्तिक स्पर्धा त्यांनी चार वेळा जिंकली आहे. डॉजच्या मंचावरही त्या वाचून गेल्या आहेत. २००८ चा त्यांचा ‘ब्लड डॅझलर’ हा संग्रह कटरिना वादळावर आहे, आणि त्यात वादळ स्वतः बोलतं. नर्सिंग होममध्ये मागे राहून मेलेल्या ३४ वृद्धांचे आवाज एका कवितेत एकामागून एक येतात. मंचावर कमावलेली सगळी ताकद इथे दुसऱ्याच्या तोंडी दिली आहे. स्वतःची जखम दाखवून गुण मागण्याची सोयच त्यांनी ठेवलेली नाही.

आता अवघड उदाहरण. २००२ च्या सप्टेंबरात याच डॉज महोत्सवात अमिरी बराका यांनी ‘समबडी ब्लू अप अमेरिका’ ही कविता वाचली. ते तेव्हा न्यू जर्सीचे राजकवी होते. कविता म्हणजे ‘कोण’ या शब्दाने सुरू होणाऱ्या प्रश्नांची लांबलचक माळ. गुलामगिरी कुणी केली, कुणी लुटलं, कुणी मारलं, असं विचारत विचारत ती ११ सप्टेंबरच्या हल्ल्यापर्यंत येते आणि इस्रायली लोकांना हल्ल्याची आधीच कल्पना होती ही धादांत खोटी अफवा त्याच माळेत ओवते. गव्हर्नरांनी राजीनामा मागितला, बराकांनी नकार दिला. त्यांना काढण्याची तरतूद कायद्यात नव्हती, म्हणून २००३ मध्ये राज्याने राजकवीचं पदच रद्द केलं.

या वादात एक बाजू म्हणाली विष, दुसरी म्हणाली अभिव्यक्तिस्वातंत्र्य. कवितेच्या बांधणीकडे पाहिलं तर वेगळी गोष्ट दिसते. पुनरावृत्तीची लय कानाला पकडते. पहिल्या वीस ‘कोण’ना आपण मनात होकार दिलेला असतो, कारण ते इतिहासाने सिद्ध केलेले आहेत. एकविसावा ‘कोण’ त्याच लयीत आला की होकार आपोआप निघतो. कागदावर वाचक त्या ओळीपाशी बोट ठेवून थांबू शकतो. तंबूत बसलेल्या श्रोत्याला थांबता येत नाही. बोललेल्या कवितेचं बळ आणि तिचा धोका असे एकाच ठिकाणी असतात: ती थांबू देत नाही. म्हणूनच थांबण्याची सोय महोत्सवाने करायची असते. राज्याने पद रद्द करून फक्त खुर्ची मोडली. त्या ओळीचा प्रतिवाद करण्याचं काम तसंच राहिलं. ते काम समीक्षेचं होतं, विधिमंडळाचं नव्हे.

पुढचा योगायोग असा की महोत्सव गेला तो बराकांच्याच न्यूअर्कमध्ये, आणि २०१४ पासून त्या शहराचे महापौर आहेत त्यांचे चिरंजीव रास बराका. तेही कवी आहेत.

थांबून ऐकण्याची कल्पना आपल्याला परकी आहे असं मात्र समजू नका. वारकरी कीर्तनात चार-पाच चरणांचा एक अभंग घेतात आणि दोन तास त्याच्याभोवती फिरतात. चरण म्हणायचा, टाळकऱ्यांनी उचलायचा, मग निरूपण, दृष्टान्त, शंका, पुन्हा तोच चरण. एवढ्या वेळात श्रोता अभंगाला आतून ओळखू लागतो. बोललेल्या शब्दाला थांबवून पाहण्याची यापेक्षा जुनी आणि पक्की व्यवस्था मला माहीत नाही. विंदा, बापट आणि पाडगावकर गावोगाव कविता म्हणत फिरले, त्यांना तयार कान मिळाले. ते कान घडवण्यात या परंपरेचा वाटा असणारच.

आणि आता आपली परदेशातली कविसंमेलनं बघा. अडीच तासांत बावीस कवी. कविता संपते न संपते तोच सूत्रसंचालकाची कोटी येते, पुढच्या कवीचं नाव येतं, मागे जेवणाच्या डब्यांचा वास. प्रत्येकाला संधी मिळावी हा हेतू चांगला आहे. पण संधी म्हणण्याची मिळते, ऐकली जाण्याची नाही. इथे वाढलेली मुलं इंग्रजीत लिहितात, शाळेच्या स्लॅममध्ये धीटपणे उभी राहतात. त्यांना आपण ‘बालविभागा’त पाच मिनिटं देतो आणि ‘किती छान!’ म्हणतो. कवितेनंतरच्या मिनिटात एखादा काका, एखादी मावशी त्यांना खरा प्रश्न विचारील, तर ती मुलं पुढच्या वर्षी पुन्हा येतील.

डॉजही निर्दोष नाही. एकाच वेळी अनेक सभागृहांत कार्यक्रम असले की माणूस जत्रेतल्यासारखा पळत राहतो, आणि कवींशी बोलण्याची सत्रं वाचनांपासून तुटलेली राहतात. जी कविता सकाळी लागली, तिचा प्रश्न दुपारपर्यंत विझतो. निरूपण चरणाला लागूनच हवं, हे कीर्तनकाराला कळलेलं शहाणपण मोठ्या महोत्सवाला अजून जमलेलं नाही.

तुमच्या मंडळाच्या पुढच्या कविसंमेलनासाठी माझी सूचना एवढीच: बावीसऐवजी आठ कवी बोलवा. प्रत्येक कविता दोनदा म्हणवून घ्या. दोन वाचनांच्या मधे कुणी कोटी करायची नाही. ज्याला प्रश्न असेल त्याने हात वर करायचा. पहिल्या कवितेनंतर कुणीच हात वर करणार नाही, सभागृह अवघडेल. अवघडू द्या.