प्रधानजींवर गोळी कशासाठी?

'पंचायत'च्या तिसऱ्या पर्वाच्या शेवटी फुलेरा गावच्या प्रधानजींवर गोळी झाडली गेली. ही २०२४ च्या मे महिन्यातली गोष्ट, पण तेव्हा आलेला राग अजून उतरलेला नाही. पुढच्या वर्षी जूनमध्ये चौथं पर्व आलं. निवडणूक झाली, प्रधानजींच्या पत्नी मंजूदेवी हरल्या, प्रतिस्पर्धी क्रांतिदेवी जिंकल्या, आणि गोळी कोणी झाडली हा प्रश्न त्या निवडणुकीच्या मागेपुढे घुटमळत राहिला. हरवलेली किल्ली, फिरती खुर्ची आणि गावात बसवायचे सौरदिवे एवढ्या सामग्रीवर आठ भाग उभे राहतात, हे याच मालिकेनं २०२० साली आपल्याला पटवून दिलं होतं. तिलाच पुढं बंदुकीची गरज का पडावी? प्रधानजी झालेले रघुवीर यादव मूळचे आमच्या जबलपूरचे, पण माझा राग शहराच्या अभिमानातून आलेला नाही. आपल्याकडच्या चांगल्या गोष्टींचा स्वतःवरचा विश्वास उडत चालला आहे, त्याचा हा राग आहे.

काय पाहावं असं कोणी विचारलं की अलीकडे उत्तर देण्याआधी मला ही तक्रार मांडावी लागते. विज्ञानकथा मी या लेखापुरती बाजूला ठेवली आहे. तिथं जग आधी रचावं लागतं आणि मग त्याचे नियम पाळावे लागतात. तिची कसोटी निराळी. मी बोलतो आहे ते तयार जगाबद्दल, म्हणजे तहसील कचेरी, शाळा, कोर्ट, बँक, शेत यांबद्दल. या जगात दिग्दर्शकाला काही शोधून काढावं लागत नाही, फक्त पाहावं लागतं. ज्यांची उभी हयात जबलपुरात लिहिण्यात गेली त्या हरिशंकर परसाईंनी आपला इन्स्पेक्टर मातादीन चंद्रावर पाठवला, पण त्या कथेत दिसतं ते आपल्याकडचंच पोलिस ठाणं. नजर अशी असावी लागते.

आधी नको ते बाजूला करतो. 'मिर्झापूर' आणि त्याच्या मागून आलेल्या मालिका मला नकोत. त्यांत गावं फक्त मृतदेह सापडण्यासाठी असतात. 'दिल्ली क्राइम'चं पहिलं पर्व आणि 'कोहरा' हे अपवाद, कारण तिथं तपास करणाऱ्यांच्या घरात काय चाललं आहे हेही कळतं. शिवकालीन चित्रपटांत तलवारी वाढल्या आणि माणसं कमी झाली. मराठी वाहिन्यांवरच्या रोजच्या मालिकांत स्वयंपाकघर सतत दिसतं, पण स्वयंपाक कोणी करत नाही. चरित्रपटांत नायक पहिल्या दृश्यातच थोर असतो, मग पुढं पाहायचं काय?

आता हवं ते. 'पंचायत'चं पहिलं पर्व आजही पुन्हा पाहण्याजोगं आहे. लेखक चंदन कुमार आणि दिग्दर्शक दीपक कुमार मिश्रा यांनी त्यात एक फार अवघड गोष्ट साधली. महिना वीस हजारांच्या नोकरीवर नाइलाजानं आलेला सचिव अभिषेक, निवडून आलेल्या मंजूदेवी आणि त्यांच्या नावावर कारभार हाकणारे त्यांचे यजमान, या तिघांत कोणीही खलनायक नाही. तरी प्रत्येक भागात ताण आहे, कारण प्रत्येकाला दुसऱ्याकडून काहीतरी हवं आहे आणि ते मागताना मान सांभाळायचा आहे. प्रजासत्ताक दिनाचा शेवटचा भाग आठवून पाहा. झेंडा मंजूदेवींनीच फडकवायचा, असं वरच्या अधिकारी बाईंनी बजावल्यावर घरात राष्ट्रगीताचं पाठांतर सुरू होतं. महिला आरक्षणाचा कायदा, नवऱ्याचा अहंकार, बाईची भीती आणि तिची जिद्द, सगळं त्या पाठांतरात येतं. भाषण नाही, उपदेश नाही. नीना गुप्ता गात असताना आपला श्वास अडकतो, आणि तो अडकायला कोणी मरावं लागत नाही.

रघुवीर यादव यांच्या कामाकडे सलग पाहिलं तर या प्रवृत्तीचा सारा वंशवृक्ष दिसतो. प्रदीप कृष्ण यांच्या 'मॅसी साहिब'मध्ये (१९८५) ते ब्रिटिश अंमलातल्या उपायुक्तांच्या कचेरीतले कारकून आहेत. साहेबाच्या रस्त्याचं स्वप्न हेच आपलं स्वप्न मानणारा हा कारकून शेवटी त्याच सरकारच्या हातून संपतो. 'पीपली लाइव्ह'मध्ये (२०१०) ते शेतकरी आहेत आणि आत्महत्येनंतर मिळणाऱ्या सरकारी भरपाईचा हिशेब करणाऱ्या घरात राहतात. 'न्यूटन'मध्ये (२०१७) ते मतदान केंद्रावर धाडलेले कर्मचारी आहेत. आणि 'पंचायत'मध्ये बायकोच्या पदावर बसलेले प्रधान. एकच नट जवळजवळ चार दशकं सरकारी कागदाच्या कधी या बाजूला, कधी त्या बाजूला उभा राहिला. स्वातंत्र्याआधीपासून आजपर्यंत सामान्य माणसाचा सरकारशी संबंध कसा बदलला आणि कसा बदलला नाही, हे या चार कामांतून जितकं कळतं तितकं फार थोड्या पुस्तकांतून कळेल. चारही ओळीनं पाहा, ही माझी पहिली शिफारस.

इथं एक शंका येईल. 'मॅसी साहिब'च्या शेवटी रक्त सांडतंच, मग गोळीवर राग का? माझं म्हणणं हिंसेविरुद्ध नाही. मॅसीच्या हातून जे घडतं ते त्याच्या कर्जातून, बढाईतून आणि भाबडेपणातून इंचाइंचानं आलेलं असतं. त्या क्षणापर्यंत आपण त्याच्यासोबत चालत आलेलो असतो. फुलेरात गोळी बाहेरून येते, ती पर्वाचा शेवट धगधगता ठेवण्यासाठी. मॅसीची हिंसा गोष्टीतून उगवते, फुलेरातली गोष्टीला ढकलण्यासाठी आणलेली आहे. हा फरक ज्याला दिसत नाही त्यानं मालिका लिहू नयेत.

चैतन्य ताम्हाणेंचा 'कोर्ट' (२०१४) या शहरात राहून पाहताना वेगळाच भिडतो. १९५६ पासून मध्य प्रदेशाच्या उच्च न्यायालयाचं मुख्यपीठ इथं आहे. जबलपुरात पिढ्यान्‌पिढ्या घरं वकिलीवर चालली. 'कोर्ट'मध्येही एक मृत्यू आहे, गटारात उतरलेल्या कामगाराचा. पण त्याचा ठपका येतो शाहीर नारायण कांबळेंवर, त्यांच्या गाण्यानं आत्महत्येला चिथावणी दिली म्हणून. पुढं चित्रपट काय करतो? कोर्ट सुटल्यावर तो सरकारी वकील बाईंबरोबर लोकलनं घरी जातो, त्यांना स्वयंपाक करताना पाहतो. एका अशिलाचा पोशाख बिनबाह्यांचा म्हणून न्यायाधीश तिचं प्रकरण पुढं ढकलतात, तेही तो शांतपणे दाखवतो. गीतांजली कुलकर्णींनी केलेल्या या वकील दुष्ट नाहीत. मुलाला शाळेतून आणणारी, दमलेली, कलमं भराभर वाचणारी ही बाई एका माणसाला वीस वर्षं आत टाकावं असं सहज म्हणून जाते. अन्याय करायला राक्षस लागत नाही, वेळापत्रक पुरतं, एवढं मोठं सत्य कॅमेरा एका जागी ठेवून सांगणारा दुसरा मराठी चित्रपट मला माहीत नाही. नागपूरचे वीरा साथीदार आता नाहीत. त्यांचे कांबळे मात्र आपल्या न्यायव्यवस्थेवर झालेल्या सर्वांत गंभीर टीकेचा चेहरा बनून राहिले आहेत.

माझ्या बाजूचा सर्वांत बळकट पुरावा अविनाश अरुण यांच्या कामात आहे. 'किल्ला'मध्ये (२०१४) वडील गेलेला मुलगा आईच्या बदलीमुळे कोकणात येतो. नवी शाळा, नवे मित्र, कचेरीत एकटी पडलेली आई, एवढीच गोष्ट. बर्लिनला मुलांच्या विभागात त्याला स्फटिक अस्वल मिळालं. मग २०२० मध्ये त्यांनी प्रोसित रॉय यांच्यासह 'पाताल लोक' दिग्दर्शित केली, त्यात जयदीप अहलावत पोलिस झाले आणि देशभर गाजले. पुढं तेच दिग्दर्शक, तेच जयदीप, आणि 'थ्री ऑफ अस'. यात जयदीप वेंगुर्ल्यातल्या बँकेचे व्यवस्थापक आहेत. स्मृतिभ्रंशाची चाहूल लागलेली शैलजा नवऱ्याला घेऊन बालपणीच्या गावी येते आणि या जुन्या मित्राला भेटते. तिघं एकत्र हिंडतात. नवऱ्याच्या मनात संशय येऊन जातो, पण तो भांडत नाही. मित्राची बायको प्रश्न विचारते, पण कांगावा करत नाही. शेफाली शाह जुन्या जागा अशा पाहतात की एकेक जागा त्यांच्या हातून निसटते आहे हे आपल्याला जाणवतं. 'पाताल लोक' चांगली आहे, मी नाकारत नाही. पण जयदीप यांचं काम किती खोल जाऊ शकतं हे पिस्तूल काढून घेतल्यावर कळलं. ज्यांनी एकच पाहिलं असेल त्यांनी दुसरं पाहावं आणि मग माझ्याशी वाद घालावा.

विदर्भातून आलेला 'स्थळ' याच वाटेवरचा, आणि त्याहून कठोर. जयंत सोमलकर यांनी चंद्रपूर जिल्ह्यातल्या आपल्याच डोंगरगावात, गावातल्याच माणसांना घेऊन तो केला. टोरांटोला २०२३ मध्ये पुरस्कार मिळाला, आपल्याकडे तो २०२५ च्या मार्चमध्ये आला. सविताला शिकायचं आहे, स्पर्धापरीक्षा द्यायची आहे. घरात पाहुणे येतात, तिला समोर बसवतात आणि नाव, शिक्षण, उंची विचारतात. पुन्हा पाहुणे, पुन्हा तेच प्रश्न, जवळजवळ त्याच शब्दांत. सोमलकर या पुनरावृत्तीला घाबरत नाहीत. दुसऱ्यांदा हसू येतं, तिसऱ्यांदा कंटाळा येतो आणि त्यानंतर संताप येतो, कारण तोवर तिच्या जागी आपण बसलेलो असतो. बापाच्या कापसाला भाव नाही आणि मुलीच्या हुंड्याची बोलणी थांबत नाहीत. हे दोन हिशेब एकाच घरात, एकाच माणसाच्या कपाळावर दिसतात. रोहन कानवडेंचा 'साबर बोंडं'ही २०२५ चाच. सनडान्सचा सर्वोच्च परीक्षक पुरस्कार मिळवलेल्या या चित्रपटात वडिलांच्या सुतकाचे दहा दिवस आहेत आणि दोन पुरुषांमधली माया आहे. आरडाओरडा कुठंच नाही. एवढं असूनही घराघरांत शिफारस होते ती नव्या खुनी मालिकेची.

कारण सांगितलं जातं की प्रेक्षकांना हेच हवं. मला हे साफ अमान्य आहे. दूरदर्शनच्या काळात शंकर नाग यांच्या 'मालगुडी डेज'साठी देश थांबत होता. आगुंब्यात उभ्या केलेल्या त्या गावात स्वामीला शाळेची भीती आणि वडिलांचा धाक याहून मोठं संकट नव्हतं. फुलेराही पहिल्या पर्वात असंच घरोघरी गेलं. प्रेक्षक बदललेला नाही. घाबरले आहेत ते पैसे लावणारे. पुढचा भाग लोक लावतील की नाही या धास्तीनं ते प्रत्येक भागाच्या शेवटी एक धक्का मागतात, आणि धक्का म्हटलं की त्यांना बंदूक आठवते. माणसांत गुंतलेला प्रेक्षक धक्क्याशिवाय पुढं जातो, यावर त्यांचा विश्वास नाही. लेखकांनी हा अविश्वास मान्य केला, हे मला जास्त लागतं.

आणि या बाबतीत आमच्या प्रदेशाची जी वाट लागली आहे तीही बोलायला हवी. राज कपूर यांच्या 'जिस देश में गंगा बहती है'पासून (१९६०) 'अशोका' (२००१) आणि 'मोहेंजोदडो'पर्यंत (२०१६) भेडाघाटचे संगमरवरी कडे पडद्यावर येत राहिले. येतात, चमकतात, जातात. फुलेरा कागदावर बलिया जिल्ह्यात आहे, प्रत्यक्षात सीहोरजवळच्या महोडियात. 'लापता लेडीज'चा निर्मल प्रदेशही सीहोरचाच. याला माझी हरकत नाही, मालगुडी तरी कुठल्या नकाशात होतं? हरकत आहे ती सरकारच्या मापाला. २०२० च्या चित्रपट-पर्यटन धोरणात राज्यात किती दिवस चित्रीकरण झालं याला महत्त्व मिळालं. ६८ व्या राष्ट्रीय पुरस्कारांत मध्य प्रदेश सर्वांत चित्रपटस्नेही राज्य ठरलं. चित्रपट पथकाशी स्नेह आहे, तो गोष्टीशी कधी होणार? 'विवेचना'सारखी नाट्यसंस्था या शहरात वर्षानुवर्षं नट घडवते. त्यांना पडद्यावर पाहुण्या पथकाच्या गर्दीत उभं राहण्यापलीकडे काय मिळतं?

गोष्ट नाही, असं कोणी म्हणू नये. कायद्याचा प्रत्येक विद्यार्थी जबलपूरचं नाव एका खटल्यामुळे पाठ करतो: एडीएम जबलपूर विरुद्ध शिवकांत शुक्ल. आणीबाणीत मिसा कायद्याखाली स्थानबद्ध केलेल्या माणसाला न्यायालयात दाद मागता येते, असं इथल्या उच्च न्यायालयानं मानलं. सरकार दिल्लीला गेलं. २८ एप्रिल १९७६ रोजी सर्वोच्च न्यायालयानं चार विरुद्ध एक अशा मतांनी तो हक्क नाकारला. विरोधातले एकटे न्यायमूर्ती हंसराज खन्ना. पुढं सरन्यायाधीशपदासाठी त्यांना डावललं गेलं आणि त्यांनी राजीनामा दिला. बहुमतात होते मराठी न्यायमूर्ती यशवंत चंद्रचूड. २०१७ साली खासगीपणाच्या खटल्यात तो निकाल चुकीचा ठरवणाऱ्या पीठात त्यांचेच पुत्र धनंजय चंद्रचूड बसले होते.

वडिलांनी दिलेला निकाल मुलानं पुसला, याहून मोठं नाट्य कोणत्या गुन्हेकथेत आहे? त्याला लागतं काय? टंकलिखित आदेश काढणारी जिल्हा कचेरी, तुरुंगाच्या भेटीच्या खोलीत ताटकळणारं घर, एकट्यानं वेगळं मत लिहायला बसलेला न्यायाधीश. ज्या वाटेनं 'कोर्ट' गेला, 'स्थळ' गेला, त्याच वाटेनं ही मालिका जाऊ शकते. मराठी आणि हिंदी लेखकांना माझं आव्हान आहे, ती लिहा, आणि एकाही भागाच्या शेवटी कोणावर गोळी झाडू नका. प्रेक्षकांना आग्रह आहे, वर सांगितलेलं प्रत्येक काम पाहा, इतरांना पाहायला लावा, आणि पुढच्या पर्वात बंदूक निघाली की मालिका तिथंच सोडा. आपण पाहणं थांबवल्याशिवाय त्यांची भीती जाणार नाही आणि आपल्या गोष्टी परत मिळणार नाहीत.