शिकाऊ हातांचे काय?

कृत्रिम बुद्धिमत्ता आणि कला यांविषयी मराठीत जी चर्चा चालते, ती बहुतेक वेळा यंत्राला प्रतिभा असते का, या एकाच प्रश्नापाशी अडते. २०२२ मध्ये मिडजर्नी, स्टेबल डिफ्यूजन यांसारखी चित्रे घडवणारी साधने सर्वांसाठी खुली झाली आणि हा प्रश्न तत्त्वज्ञानाच्या पुस्तकातून थेट पनवेलच्या नाक्यानाक्यावर आला. गणेशोत्सवाचा फलक, शिकवणीवर्गाची जाहिरात, वाढदिवसाच्या शुभेच्छा, हौशी नाटकाचे पोस्टर ही कामे आता यंत्राकडून काही क्षणांत करून घेता येतात. त्यातली पुष्कळ चित्रे एकाच साच्यातली असतात: गुळगुळीत कांती, सोनेरी प्रकाश, मागे ढगांचे नाट्य. ती चांगली की वाईट, याचा निवाडा रसिक करतीलच. पण यंत्र उद्या एखाद्या थोर चित्रकाराची जागा घेईल, हा आजचा मुख्य धोका नाही. थोर चित्रकार ज्या किरकोळ कामांतून घडतो ती कामेच यंत्र गिळत आहे, हा खरा धोका आहे.

कलावंत कसा घडतो, हे पाहायला पनवेलकरांना लांब जावे लागत नाही. शेजारच्या पेण तालुक्यात, पेण शहरात आणि हमरापूर-जोहे परिसरात, गणपतीचे कारखाने वर्षभर चालतात. नवा मुलगा आधी माती किंवा पीओपी साच्यात भरतो, मग मूर्ती घासतो, पुढे अंगाचा रंग देतो, सोवळे-पितांबर रंगवतो. डोळ्यांच्या आखणीला हात लावायची पाळी फार उशिरा येते, कारण मूर्तीचा सारा भाव त्या दोन रेषांवर ठरतो. आखणी करणाऱ्या कारागिराचा मान मोठा, पण तो मान मिळेपर्यंतची वर्षे त्याने घासकाम आणि रंगकाम करून, त्याची मजुरी घेऊन काढलेली असतात. आखणीचे कसब त्या कमी दर्जाच्या समजल्या जाणाऱ्या कामातच मुरते. मूर्तीचे वजन, कडेचा गोलावा, रंग शोषून घेणारा पृष्ठभाग हे सगळे हाताला आधी कळते, डोक्याला मागाहून. शिकणे आणि कमावणे इथे वेगळे काढता येत नाही.

महाराष्ट्रातल्या चित्रकलेचा इतिहास हीच गोष्ट सांगतो. मडगावहून आलेल्या दीनानाथ दलालांनी मुंबईत पुस्तकांची मुखपृष्ठे आणि कथाचित्रे करता करता आपली शैली घडवली आणि १९४५ मध्ये ‘दीपावली’ हा वार्षिक अंक सुरू केला. मकबूल फिदा हुसेन मुंबईत सिनेमाचे फलक रंगवत होते. ही कामे पोटासाठी होती, घाईची होती, ग्राहकाच्या अटींवर चालणारी होती, आणि त्या अटींनीच हात तयार झाला. पुढे डिजिटल छपाईचे फ्लेक्स आले तेव्हा गावोगावच्या अक्षर रंगवणाऱ्या पेंटरांचा धंदा बसला. फलक स्वस्त झाले, पण देवनागरी अक्षराचे वळण ब्रशने शिकण्याची एक जागा गेली. त्या वेळी निदान फ्लेक्सवरचे चित्र संगणकावर बसून कुणीतरी माणूस जुळवत होता. आता तोही लागेनासा झाला आहे. यंत्राची जोडाक्षरे अजून चुकतात म्हणून धीर धरावा, तर तो धीर टिकाऊ नाही. त्या चुका दर वर्षी कमी होत आहेत.

यावर पहिला आक्षेप असा घेतला जातो की प्रत्येक यंत्र आले तेव्हा हीच ओरड झाली होती. राजा रविवर्म्यांनी १८९४ मध्ये मुंबईत शिळाछापाचा कारखाना काढला, तो पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला, आणि त्यांच्या देवदेवता घरोघरी पोहोचल्या. त्याने चित्रकला बुडाली नाही, उलट त्या छापखान्यासाठी काम केलेल्या दादासाहेब फाळक्यांनी पुढे भारतीय चित्रपटाचा पाया घातला. दाखला खरा आहे, पण तो आक्षेपाच्या विरुद्ध बाजूला जातो. शिळाछापात प्रत्येक रंगासाठी दगडावर वेगळे रेखाटन करणारे हात लागत. त्या यंत्राने शिकाऊ माणसांसाठी नवी कामे निर्माण केली. शिवाय कारखाना चित्रकाराने स्वतः काढलेला होता. आजच्या साधनांमागे चित्रकाराचे स्थान कच्च्या मालाचे आहे. अशी साधने शिकवण्यासाठी वापरलेल्या लायन-५बी या संचात सुमारे ५८५ कोटी चित्र-मजकुराच्या जोड्या होत्या. त्या चित्रांच्या कर्त्यांना कुणी विचारले नव्हते.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. ज्या मंडळाकडे किंवा नवख्या नाटककाराकडे चित्रकाराला द्यायला पैसे नाहीत, त्याला यंत्राने चित्र मिळवून दिले, यात वाईट काय? यात वाईट काहीच नाही, आणि अपंगत्वामुळे हातात ब्रश धरू न शकणाऱ्यासाठी तर हे मोठे दान आहे. पण ही सवलत गरजेपुरती राहत नाही. लाखोंची वर्गणी जमवणारे मंडळ आणि बऱ्यापैकी चालणारा प्रकाशक हेही तोच रस्ता धरतात, तेव्हा नवशिक्याचे पहिले मानधन नाहीसे होते. माणूसही इतरांची चित्रे पाहूनच शिकतो, असेही म्हटले जाते. खरेच आहे, पण जो माणूस असा शिकतो, तो पुढे दुसऱ्याला शिकवतो, त्याच व्यवसायात नव्याला उभे करतो. यंत्राकडून तशी परतफेड होत नाही.

कायदा या बाबतीत अर्ध्या वाटेवर आहे. मुंबई उच्च न्यायालयाने २०२४ मध्ये अरिजित सिंग यांच्या आणि २०२५ मध्ये आशा भोसले यांच्या आवाजाच्या यांत्रिक नकलेला अंतरिम मनाई केली. नामवंत गायकाच्या आवाजाला असे संरक्षण मिळू लागले आहे, पण चित्रकाराच्या शैलीला कॉपीराइट लागू होत नाही. डिसेंबर २०२५ मध्ये केंद्राच्या समितीने यंत्राच्या प्रशिक्षणासाठी सक्तीचा परवाना आणि मानधन सुचवले, ते स्वागतार्ह आहे. तरी ते पैसे ज्यांचे काम आधीच प्रसिद्ध आहे त्यांना मिळतील. ज्याचे पहिले चित्र अजून काढायचे आहे, त्याच्यासाठी त्यात काही नाही.

ती सोय समाजाला करावी लागेल, आणि ती करता येते याचा पुरावा पनवेलमध्येच आहे. फडके नाट्यगृहात होणारी अटल करंडक एकांकिका स्पर्धा राज्यभरातल्या कोवळ्या नाट्यकर्मींना मंच, परीक्षक आणि बक्षीस देते. मराठी रंगभूमीला नवे नट आणि दिग्दर्शक अशाच स्पर्धांतून मिळत आले. चित्रकलेला एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या परीक्षा आहेत, पण त्यानंतर हाताला पगारी सराव देणारे काहीच नाही. गणेशोत्सव मंडळांनी देखाव्याचे आणि फलकाचे काम दर वर्षी एका तरुण चित्रकाराला द्यावे, दिवाळी अंकांनी निदान आतली कथाचित्रे माणसाकडून करून घ्यावीत आणि त्याचे नाव छापावे, महापालिकेने आपल्या भिंती रंगवायच्या झाल्या तर निविदेत स्थानिक कलावंतांची अट घालावी. यात यंत्रावर बंदी कुठेच नाही. शिकणाऱ्याला चुका करण्यासाठी पैसे देण्याची तयारी ज्या समाजात असते, त्यालाच पुढच्या पिढीत चित्रकार मिळतात. ती तयारी आपण यंत्राच्या स्वस्ताईपायी सोडली, तर उद्या प्रतिभा कुणाची श्रेष्ठ हा वाद घालायला एका बाजूला माणूसच उरणार नाही.