यक्षाला कोठे दिसत होते?

भंडारा जिल्ह्यातील आंधळगाव हे कोसा विणणाऱ्यांचे गाव. तेथून पश्चिमेला रामटेकचा डोंगर फार दूर नाही. कालिदासाचा शापित यक्ष ज्या रामगिरीवर राहिला तो हाच, अशी परंपरा आहे. म्हणूनच स्वागत थोरात यांनी दिग्दर्शित केलेल्या ‘अपूर्व मेघदूत’ या नाटकाविषयी या परिसरातील वाचकांशी बोलावेसे वाटते. त्यातील १९ कलावंत दृष्टिहीन आहेत.

‘मेघदूत’ हे डोळ्यांचे काव्य मानले जाते. नद्या, शिखरे, उज्जयिनीचे प्रासाद, अलकानगरी यांची त्यात जणू चित्रमालिकाच आहे. मग ज्यांना दिसत नाही त्यांनी ते कसे सादर करावे, असा प्रश्न कोणीही विचारील. परंतु यक्षाला तरी अलका कोठे दिसत होती? वर्षभराच्या विरहात तो मेघाला जे सांगतो ते स्मरणाच्या आणि ओढीच्या बळावर. पाहणे थांबते तेथूनच त्याची वाणी सुरू होते. दृष्टिहीन नट यक्ष होतो, तेव्हा तो काव्याचा गाभाच उघड करतो. या निवडीचे वाङ्मयीन मोल मला येथे दिसते.

अशा प्रयोगांनंतर ‘अंध असूनही किती सुंदर!’ असे उद्गार निघतात. त्या ‘असूनही’मध्ये कौतुकापेक्षा कीवच अधिक असते. २००८ साली ‘स्पर्शज्ञान’ हे ब्रेल पाक्षिक सुरू करून थोरात यांनी दृष्टिहीनांना दान दिले नाही, वाचक म्हणून मान दिला. रसिकांनीही तोच मान द्यावा. शब्दोच्चार अडखळला, लय मंदावली, तर तसे मोकळेपणाने सांगावे. नटाला नट मानण्याची ती पहिली खूण होय.

२०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याने कला सर्वांना सुगम करण्याची जबाबदारी शासनावर टाकली आहे. परंतु शासनाकडे बोट दाखवण्यापूर्वी आपल्या धर्मग्रामाच्या सभागृहाकडे पाहू या. नाताळच्या नाटिकेच्या वेळी कुबड्या घेऊन येणाऱ्या मुलाला आपण प्रेमाने पहिल्या रांगेत बसवतो, खाऊही देतो. मात्र रंगमंचाच्या पायऱ्या त्याला चढता येतील का, त्याला एखादी भूमिका हवी आहे का, हे आपण विचारतो का?

यरीहोच्या वाटेवर बार्तीमयाला लोकांनी गप्प बसण्यास दटावले. प्रभूने मात्र त्याला जवळ बोलावले आणि त्याची इच्छा विचारली. यंदा नाटिकेच्या तालमी सुरू होण्यापूर्वी तेवढे तरी आपण करू या.