पहिल्या सामन्याआधीचे बारा क्रमांक

‘ओव्हरवॉच’ या संगणकीय खेळाच्या लीगचा पहिला सामना १० जानेवारी २०१८ रोजी कॅलिफोर्नियातल्या बरबँक इथे झाला. (आपल्याकडे तेव्हा ११ तारखेची पहाट झाली होती, साडेपाचला उठून बघणारे इथेही होते.) त्याआधीच्या काही आठवड्यांत या खेळाविषयी लिहिणाऱ्या जवळपास प्रत्येकाने आपापली क्रमवारी मांडून ठेवली होती. बारा संघ, बाराही नवे, शहरांची नावं लावून उभे केलेले. गुणतक्ता कोरा. तरीही पहिला कोण, सातवा कोण, बारावा कोण हे ठामपणे लिहायचं. बहुतेक वाचक अशी यादी अंगठ्याने सरसर वर ढकलत पाहतात: आपला संघ कितवा एवढं बघायचं, दोन शिव्या हासडायच्या, मोकळं व्हायचं. मला हा लेखनप्रकार सावकाश वाचायला आवडतो, आणि तोही आकडे सोडून आकड्यांखालच्या परिच्छेदांसाठी. क्रमांक ही त्यातली सर्वांत कमी रसाची गोष्ट. खरा रस कारणात. उत्तम क्रमवारीतलं कारण असं बेतलेलं असतं की अंदाज फसलाच, तर तो कुठल्या सांध्यातून निखळला हे सहा महिन्यांनी त्याच परिच्छेदावर बोट ठेवून दाखवता यावं.

सुरुवात वरूनच करू. त्या जानेवारीत बहुतेक याद्यांच्या माथ्यावर सोल डायनॅस्टी होता. त्याचा गाभा ‘लुनॅटिक-हाय’ या कोरियन संघाचा. या संघाने कोरियातली ‘एपेक्स’ स्पर्धा दुसऱ्या आणि तिसऱ्या हंगामात लागोपाठ जिंकलेली. र्‍यूजेहाँग, टोबी, मिरो, झुन्बा ही नावं या खेळात तेव्हा आदराने घेतली जात. ज्याच्याविषयी सगळ्यांचं एकमत आहे त्याच्याविषयी लिहिणं सर्वांत कठीण. सुमार लेखक इथे करंडक मोजतो आणि पुढे जातो. जाणकार मात्र एक छोटा प्रश्न टाकतो: र्‍यूजेहाँगची कीर्ती ज्या ‘अ‍ॅना’ या पात्रावर उभी आहे, ते पात्र सध्या खेळलं जातं का? जात नव्हतं. त्या हिवाळ्याचा मेटा, म्हणजे त्या घडीला फायदेशीर ठरणारी पात्रनिवड, ‘मर्सी’ आणि ‘झेन्याटा’ या सपोर्ट, म्हणजे संघाला बरं करणाऱ्या, जोडीभोवती फिरत होता. शिवाय ‘एपेक्स’च्या चौथ्या हंगामाची अंतिम लढत या संघाशिवाय झाली होती. पहिला क्रमांक द्यायचा, पण त्याच परिच्छेदात ही बारीक चीर उघडी ठेवायची. गळ्यात हार घालतानाच नाडी पाहून घेण्याचं हे कसब मला फार मोहक वाटतं.

सोलच्याच नोंदीत आणखी एक जागा आहे. ‘फ्लेटा’ हा खेळाडू तिथे ‘फ्लॅश लक्स’ या दुबळ्या संघातून आला होता. संघाच्या निर्णायक मारांपैकी निम्मे किंवा त्याहून अधिक एकट्याने करण्याला आकडेवारीच्या भाषेत ‘डेडलिफ्ट’ म्हणतात. ही संज्ञा रूढ झाली ती फ्लेटामुळेच. सगळं ओझं एकट्याने उचलायची सवय जडलेला माणूस विजेत्यांच्या घोळक्यात काय करेल? त्याच्यातला जादा जोर संघाला मिळेल, की त्याचा तालच मोडेल? आकडेवारी इथे पुरावा म्हणून येत नाही, शंका म्हणून येते. सांख्यिकीचा इतका नाजूक वापर क्रिकेटच्या लेखनातही मला क्वचित दिसला आहे.

पुढची जागा लंडन स्पिटफायरची. नाव लंडनचं, खेळाडू बाराच्या बारा कोरियन. ‘जीसी बुसान’ या नवख्या संघाने २०१७ च्या शरदात ‘एपेक्स’चा चौथा हंगाम जिंकला होता, ‘काँगडू पँथेरा’ तिसऱ्या हंगामाचा उपविजेता. मालकांनी दोन्ही संघ घेतले आणि एका छताखाली आणले. मैदानात उतरणार सहा. मग हा एक संघ की दोन? इथे लेखकाला केवळ कौशल्य तोलून भागत नाही, माणसांची मोट बांधली जाईल का याचा अंदाज घ्यावा लागतो. ‘गुणवत्तेत पहिल्या तोडीचा, पण बारा जणांतून सहा निवडताना घोळ होईल’ असं म्हणून लंडनला दुसऱ्या-तिसऱ्या जागेवर ठेवण्यात केवढी समज आहे, ते हंगाम संपल्यावर कळतं. लंडनने हंगामाच्या चार टप्प्यांतला पहिला जिंकला, मग मधले महिने धडपडण्यात घालवले, बारांतले बरेच खेळाडू वाटेत सोडले आणि पाचव्या मानांकनावरून येऊन जुलैत विजेतेपद नेलं. घोळ आणि गुणवत्ता, दोन्ही भाकितं खरी. फक्त त्यांचा क्रम आधी सांगणं कुणाच्या हातात नव्हतं.

या लेखनातल्या संकेतार्थाविषयी थोडं. ‘जर जुळून आलं तर’, ‘वेळ मिळाला तर’ ही वाक्यं क्रमवारीत पावलोपावली भेटतात, आणि आळशी हातात ती दिवाळी अंकातल्या वार्षिक राशिभविष्यासारखी होतात: प्रवासाचे योग संभवतात, प्रकृती सांभाळावी, कोणत्याही राशीला चालेल असं. चांगल्या लेखकाचा ‘जर’ एकाच संघाला लागू पडतो. सॅन फ्रान्सिस्को शॉकची नोंद हे त्याचं सुंदर उदाहरण. या संघाचे दोन सर्वांत चर्चेतले तरुण, ‘सिनात्रा’ आणि ‘सुपर’, हंगाम सुरू झाला तेव्हा अठरा पूर्ण नव्हते. लीगचा नियम अठराचा. म्हणजे शॉकचा क्रमांक ठरवायचा तर आधी त्या दोघांच्या जन्मतारखा बघायच्या, मग टप्प्यांचं वेळापत्रक. एकूण चाळीस सामने, चार टप्पे, प्रत्येकी दहा. पहिला टप्पा यांच्याशिवाय, दुसरा बहुतांशी यांच्याशिवाय. मग संघ कितवा? त्याला मधोमध ठेवणं ही पळवाट वाटते, पण ती चक्क बेरीज-वजाबाकी आहे. (शॉक सतरा विजयांसह नववा आला.)

फिलाडेल्फिया फ्यूजनची नोंद याच्या अगदी उलट वळणाची. डिसेंबरात सराव-सामने झाले तेव्हा हा संघ उतरलाच नाही. सगळ्यांच्या हाती निदान चार दिवसांचं दृश्य होतं, याचं काहीच नव्हतं. संघात फिनलंडचा एक, फ्रान्सचा एक, स्पेनचा एक, इस्रायलचा एक, ब्रिटनचा एक, कोरियातून ‘कार्पे’. शिवाय ‘साडो’ या टँक, म्हणजे पुढे राहून मार झेलणाऱ्या, खेळाडूवर पहिल्या तीस सामन्यांची बंदी. माहिती नसताना लिहिण्याच्या दोन तऱ्हा असतात. एक, मधला क्रमांक देऊन विषय संपवणं. दुसरी, नसलेल्या माहितीचा आकार रेखाटणं: कुणाची भाषा कुणाला कळते, हाका कोण देणार, आणि बंदी संपेपर्यंत त्या टँकची जागा कोण धरणार. दुसऱ्या तऱ्हेने लिहिलेला परिच्छेद वाचताना संघ डोळ्यांपुढे न येताही त्याच्या अडचणी येतात, आणि ही करामत सोपी नाही. हाच फ्यूजन पुढे अंतिम सामन्यापर्यंत गेला.

डॅलस फ्यूएलवर मी फार रेंगाळणार नाही. ‘एन्व्हीअस’ हा ‘एपेक्स’च्या पहिल्या हंगामाचा विजेता संघ, तोच गाभा, एकत्र खेळण्याचा अनुभव इतरांहून जास्त, म्हणून बऱ्याच जणांनी त्याला वरच्या चारांत बसवलं. बाकीचे अजून ओळखपाळख करत असताना जुने सवंगडी पुढे निघतील, हा युक्तिवाद ऐकायला पक्का वाटतो. पहिल्याच रात्री सोल आणि डॅलस समोरासमोर आले, सोल २-१ ने जिंकला, तेव्हाही तो पक्काच वाटला. डॅलसने चाळीसपैकी बारा जिंकले. या नोंदी मी पुन्हा चाळतो तेव्हा जाणवतं की त्यांत विजेतेपदाची तारीख कुणी फारशी टोचून पाहिली नव्हती: डिसेंबर २०१६. एका वर्षात हा खेळ तीनदा कात टाकतो.

आता तळ. वरचे क्रमांक उत्साहाने लिहिले जातात, तळाचे स्वभावाने. अकराव्या-बाराव्या संघाविषयी लिहिताना लेखकाची सभ्यता आणि कुतूहल दोन्ही उघडी पडतात. बॉस्टन अपरायझिंग बहुतेक याद्यांत तळाच्या भागात होता. ओळखीचं नाव जवळपास नाही. मुख्य टँक ‘गामसू’ हा तर मूळचा ‘लीग ऑफ लेजंड्स’ या दुसऱ्याच खेळातला. कोण आहेत हे लोक, असं विचारून कित्येकांनी दोन ओळींत नोंद आटोपली. पण प्रश्न खराखुरा विचारणं आणि तो खांदे उडवून विचारणं यांत अंतर आहे. संघाच्या खेळविभागाची सूत्रं ‘हुक’कडे होती, आणि हुक म्हणजे ‘स्टारक्राफ्ट २’चा जुना व्यावसायिक खेळाडू. त्याने नावाजलेले महागडे तारे न घेता अनोळखी मुलं उचलली, ती का? एवढं कुतूहल ज्याने दाखवलं त्याने बॉस्टनला अकरावा ठेवला असला तरी त्याची नोंद आज वाचवते. तिसऱ्या टप्प्यात बॉस्टनने दहापैकी दहा सामने जिंकले. लीगमध्ये अख्खा टप्पा निर्दोष खेळणारा तो पहिला संघ.

आणि शांघाय ड्रॅगन्स. हा संघ बहुतेकांना तळाशी दिसत होता, तसा तो आला: चाळीस सामने, शून्य विजय. यादीतला सर्वांत अचूक अंदाज, पण त्यात कौतुक करण्यासारखं फारसं काही नाही. ‘कमजोर’ म्हणणं सोपं होतं. चाळीसपैकी एकही नाही, हे सांगायचं तर कमजोरीच्या पलीकडचं काही दाखवावं लागलं असतं, आणि तेवढं कुणी दाखवलं नाही.

एक नाव या सगळ्यांतून जवळपास निसटलं. न्यूयॉर्क एक्सेल्सियरचा ‘ज्योनॅक’ कोरियातल्या ऑनलाइन मानांकनाच्या शिडीवरून वर आला होता. मोठ्या स्पर्धांचं वलय त्याच्याभोवती नव्हतं. न्यूयॉर्कच्या नोंदीत ‘सेब्योलबे’ आणि ‘पाइन’ यांचं वर्णन रंगायचं, कारण तेच नजरेत भरणारे मारेकरी. ज्योनॅक झेन्याटा खेळे, म्हणजे संघाला बरं करणारं पात्र, पण त्याचा नेम असा की समोरच्याला तो सपोर्ट वाटतच नसे. न्यूयॉर्क ३४-६ अशा विजयांनी साखळीत पहिला आला आणि हंगामाचा सर्वोत्तम खेळाडू ज्योनॅक ठरला. पूर्वनोंदीत त्याच्यासाठी ज्याने अर्धी ओळ राखली असेल, त्याची नजर मी मानतो. अर्धी ओळ पुरे. एवढ्या आधी पूर्ण परिच्छेद लिहिला असता तर तो दिखाऊपणा झाला असता.

क्रमवारी का मोडते याचं सर्वांत मोठं कारण खेळाडूंत नसतंच. खेळाचा कर्ता मधेच नियम बदलतो. जानेवारीतल्या याद्या ‘डाइव्ह’ या झेपावत्या खेळीचा हिशेब धरून लिहिलेल्या: विन्स्टन आणि डी.व्हा ही पात्रं उडी घेणार, मागोमाग ट्रेसर. वर्ष पुढे सरकलं तसं ‘ब्रिगिटा’ हे नवं पात्र आलं, ‘हान्झो’ची घडण बदलली, आणि अखेरच्या लढती लांबून नेम साधणाऱ्यांच्या झाल्या. ‘प्रॉफिट’ आणि ‘बर्डरिंग’ हे लंडनचे दोन नेमबाज इथे फुलले. साखळीत तो दरारा गाजवणारा न्यूयॉर्क उपांत्य फेरीत फिलाडेल्फियाकडून हरला, आणि २८ जुलैला ब्रुकलिनच्या बार्कलेज सेंटरमध्ये, न्यूयॉर्कच्या अंगणात, लंडनने फिलाडेल्फियाला हरवलं. सोल आठवा, प्लेऑफमध्येही नाही. पण सोलच्या नोंदीतली ती चीर आठवा. मर्सीच्या काळात अ‍ॅनाचा राजा काय करेल, हा प्रश्न तेव्हाच लिहिलेला होता.

२०१९ च्या पूर्वनोंदींत व्हँकुव्हर टायटन्स बराच वर होता, आणि तिथलं कारण मला अधिक पक्व वाटतं. तीन टँक आणि तीन सपोर्ट यांच्या ‘गोट्स’ या खेळीत एकट्याच्या नेमापेक्षा सहांची लय मोलाची. टायटन्स म्हणजे ‘रनअवे’ हा एकत्र वाढलेला संघ जसाच्या तसा. म्हणजे डॅलसच्या वेळचाच युक्तिवाद, पण आता खेळी त्याला साथ देणारी. टायटन्सने पहिला टप्पा एकही सामना न गमावता जिंकला. अंतिम सामन्यात मात्र सॅन फ्रान्सिस्को शॉकने त्यांना ४-० ने गुंडाळलं.

हा शॉक २०१८ चा नववा. त्याने २०१९ आणि २०२० ही दोन्ही विजेतेपदं घेतली. २०२१ चं शांघायने, म्हणजे बाराव्याने. २०२२ चं डॅलसने, दहाव्याने. २०२३ चं फ्लोरिडा मेहेमने, अकराव्याने. आणि तो लीगचा शेवटचा हंगाम ठरला. पहिल्या वर्षीचे तळाचे चारही संघ, आणि पुढची सगळी विजेतेपदं त्यांचीच! हे जानेवारी २०१८ मध्ये कुणी लिहिलं असतं, तर ते लिखाण मी वाईटच म्हटलं असतं, कारण त्याला आधार देणारं एकही कारण तेव्हा अस्तित्वात नव्हतं. २०२१ च्या शांघायमध्ये सोलहून आलेला फ्लेटा होता, आणि तोवर तो २०२० चा सर्वोत्तम खेळाडूही झाला होता. २०२२ च्या डॅलसचा मुख्य टँक ‘फिअरलेस’ हा चाळीस पराभवांच्या त्या शांघाय संघात खेळलेला. पण त्या जानेवारीच्या याद्यांत त्याला शोधू नका. तो शांघायला आला फेब्रुवारीत.