पडदा कोणी ओढायचा?

मंडळी, ‘सिंगिंग इन द रेन’ म्हटलं की सगळ्यांना पावसात नाचणारा जीन केली आठवतो. आज तो पाऊस आपण बाजूला ठेवू. आपल्याला बघायचीय ती कॅथी सेल्डन. स्वतःला रंगभूमीवरची अभिनेत्री म्हणवणारी ही मुलगी त्याच रात्री एका पार्टीत केकमधून उडी मारून बाहेर येते, आणि बिचारीचं बिंग फुटतं.

चित्रपट १९५२चा, गोष्ट १९२७ची. ‘द जॅझ सिंगर’ चालला, बोलपट आले, आणि मूकपटांची तारका लीना लॅमाँट हिचा किरटा आवाज स्टुडिओला अडचणीचा झाला. मग तोंड लीनाचं, आवाज कॅथीचा. शेवटी पडदा वर जातो, मागे माइकसमोर कॅथी उभी. आभास गेला, सत्य उरलं, असं समजून आपण टाळ्या वाजवतो.

पण सत्य नेमकं कुठलं? कॅथी झालेल्या डेबी रेनॉल्ड्सच्या तोंडी ‘वुड यू’ हे गाणं आहे, ते गायलंय बेटी नॉइस हिने. श्रेयनामावलीत तिचं नाव नाही. आणखी गंमत म्हणजे, कॅथी लीनाचे संवाद भरतेय असं जिथे दाखवलंय, तिथे ऐकू येतो तो लीना झालेल्या जीन हेगनचाच खरा, भरदार आवाज! उसन्या आवाजाची टिंगल करणारा चित्रपट स्वतःचा पडदा मात्र खालीच ठेवतो. आपल्याकडे ‘महल’च्या (१९४९) रेकॉर्डवर लता मंगेशकरांच्या जागी ‘कामिनी’ छापलं होतं, म्हणजे पडद्यावरच्या पात्राचं नाव. तेव्हा ही काही एकट्या हॉलिवूडची खोड नव्हे.

आम्हाला खटकतं ते वेगळंच. तो पडदा ओढतात तिघे पुरुष: डॉन, कॉस्मो आणि स्टुडिओचा मालक. कॅथीला आधी कोणी विश्वासात घेतलेलं नाही. करारामुळे ती नाइलाजाने गायला उभी राहते, आणि पडदा उघडताच चक्क पळत सुटते. तिची कीर्तीसुद्धा तिला न विचारता ठरते. प्रेमकथेच्या ओघात हे आपल्या लक्षातही येत नाही, हे दिग्दर्शकांचं कसब म्हणायचं की लबाडी? आम्ही म्हणू, दोन्ही.

आणि लीना? दुष्ट आहे, कबूल. कॅथीचं नाव गाळायला तीच भाग पाडते. पण त्यासाठी तिने आपला करार बारकाईने वाचलेला असतो, हो! अख्ख्या चित्रपटात ते करणारी ती एकटीच, आणि तिलाच मूर्ख ठरवलंय.